आक्का, माकणीचे पाहुणे येऊन गेले

ओवी आणि निषाद,

हे लिहिते आहे तुमच्यासाठी, पण बोलणार आहे आक्कांशी. सुट्टीत येरमाळ्याला आलात की आम्हा दोघींची भांडणं तुम्ही पायरीवर बसून ऐकायचात, तशीच आताही ऐका. या वेळी एकच बाजू ऐकू येईल, एवढाच फरक. आक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या मोठ्या बहीण. आठ महिने सासरी राहून परत आल्या आणि पुढची साठ वर्षं याच घरात, पुढच्या खोलीत मशीन टाकून गावातल्या बायकांची पोलकी शिवत राहिल्या. तुमच्या कपड्यांची बटणंही त्यांनीच लावलेली.

आत्ताच लिहायचं कारण असं. शेजारच्या सुमनआजी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, एक-दोन दिवसांत तुमच्या बाबांना फोन करतील. कदाचित केलाही असेल. त्या म्हणतील की आक्का गेल्यापासून तुमच्या आजीचं डोकं ठिकाणावर नाही, आणि तिने त्यांच्या मुलाची, म्हणजे प्रशांतची, जमत आलेली सोयरीक मोडली. यातली दुसरी गोष्ट खरी आहे. पहिलीचं तुम्ही हे वाचून ठरवा.

आक्का,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने तुमची स्तुती केली. तुम्ही ऐकलं असतंत तर हसून ठसका लागला असता. वरच्या आळीतली ती बाई, जिने तुम्हाला पंचवीस वर्षं ‘करवत’ म्हटलं, ती डोळे पुसत मला म्हणाली, “लई गोड बोलायच्या हो.” मी फक्त मान हलवली. तुम्ही तिथे असतात तर म्हणाला असतात, “मेल्यावर गोड झाले व्हय? मग आधीच मरायला पायजे होतं.”

तुमचं सगळं शहाणपण त्या गळ्यातल्या टेपमधून आलेलं. लग्नाआधी मुलीचं माप तुम्ही घ्यायचात आणि वर्षाने पहिल्या दिवाळीचं पोलकंही तुमच्याकडेच यायचं. दोन मापांमधला फरक बघून तुम्ही त्या घराची कुंडली सांगायचात. “बाई माप देताना श्वास आत ओढून उभी राहती,” तुम्ही म्हणायचात. “समदं लगीन त्या मापावर शिवत्यात. फुडं एक दिवस बाई श्वास सोडती आन् टाके उसवत्यात. मग म्हणायचं, शिवणारीचं चुकलं.”

मी चिडायचे. माणसं एकमेकांबरोबर राहून शिकतात, सुधारतात, असं मी म्हणायचे. कॉलेजात इंग्रजीतून वाचलेलं काहीबाही पुढे करायचे. तुम्ही दोरा दाताने तोडत म्हणायचात, “तुझं बरंय, इंग्रजीबाई. तुला नवराच बरा मिळाला. त्यात तुझ्या शाळेचा काय गुण?” हा मुद्दा मला बेचाळीस वर्षांत खोडता आला नाही. तुमचा भाऊ खरोखरच बरा माणूस होता.

स्वतःच्या लग्नाविषयी तुम्ही एवढंच बोलायचात: “एक हंगाम गेला. पेरलं, उगवलं न्हाय, रान मोकळं केलं.” काय झालं होतं ते मी कधी विचारलं नाही. शाळेत मुलांना मी रोज प्रश्न विचारायचे, घरी मात्र विचारायला घाबरायचे.

ओवी, तू एकदा फोनवर तिकडून विचारलं होतंस, आक्काआजी, मुलगा कसा पारखायचा? आक्का, तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, “त्याची आय आजारी पडू दे. मग त्यांच्या घरी जा आन् बघ, चुलीपाशी कोण हाय.” ओवी हसली. मी तिला म्हटलं, यांचं मनावर घेऊ नकोस, यांना सगळं जग असंच दिसतं. तुम्ही मला ऐकू जाईल असं म्हणालात, “आसंच हाय म्हणून आसंच दिसतंय.”

आता मूळ गोष्टीवर येते. मुलांना चौकशी म्हणजे काय ते माहीत नसेल. सोयरीक ठरायच्या आधी मुलीकडची दोन माणसं सकाळच्या एस्टीने गावात येतात. आधी स्टँडवरच्या हॉटेलात चहा पितात, मग किराणा दुकान, मग न्हावी, आणि शेवटी ज्याच्या शब्दाला मान आहे असं एखादं घर. सगळीकडे एकच उत्तर मिळतं: घराणं चांगलं, मुलगा चांगला. कारण वेगळं काही सांगणं म्हणजे भांजी मारणं, जमत आलेलं लग्न मोडणं. असं बोलणाऱ्याला गाव माफ करत नाही. ज्याच्यामुळे ते लग्न मोडायला हवं होतं, त्याला करतं.

“चौकशी केली तर गावातलं हरेक पोरगं राम निघतंय,” तुम्ही म्हणायचात. “मग सीतेला वनात कोण सोडून येतंय?”

आपलं एकच घर वेगळं होतं, आणि तेही अर्धंच. पुढच्या खोलीत तुम्ही, मधल्या खोलीत मी. तुमच्याकडे आलेले पाहुणे खरं ऐकून जायचे आणि माझ्याकडे आलेले बरं ऐकून. ज्यांचं आधीच ठरलेलं असायचं ते नेमके माझ्याकडे यायचे. “मॅडमनी सांगितलंय” म्हटलं की मुलीची आई गप्प बसायची.

नऊ वर्षांपूर्वी जळकोटहून वैशालीचे वडील आले, ते माझ्याकडे. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, प्रशांतरावांचं सांगा. तुमच्या शब्दावर देतो.” त्याआधी दोन महिने प्रशांतने भाजीत मीठ जास्त झालं म्हणून आईला तांब्या फेकून मारला होता. सुमनच्या कपाळावर तीन टाके पडले होते. गावाला सांगितलं, मोरीत घसरले. आपल्या दोघींना माहीत होतं, कारण तिला दवाखान्यात आपणच नेलं होतं.

बाहेर मशीनचा आवाज थांबला. तुम्ही उठून दारात आलात. मी तुम्हाला आत स्वयंपाकघरात नेलं आणि हात धरला.

“आक्का, घरातली गोष्ट आहे. लग्न झालं की निवळेल तो. सुमनला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. भांजी मारू नका.”

तुम्ही माझ्या हाताकडे बघितलंत. “मी बोलले तर भांजी आन् तू बोललीस तर चौकशी. व्हय ना?”

आणि तुम्ही गप्प बसलात. इतक्या वर्षांत माझं तुम्ही ऐकलंत ते त्याच दिवशी. मी बाहेर जाऊन वैशालीच्या वडिलांना सांगितलं, “मुलगा शिकलेला आहे. शेती आहे, स्वतःची गाडी आहे. घर माझ्या नजरेसमोरचं आहे.” यातला एक शब्दही खोटा नव्हता. खोटं न बोलता फसवता येणं ही शिकलेल्या माणसाची सोय आहे. ते माझ्या पाया पडून गेले.

पुढच्या मे महिन्यात वैशाली तुमच्याकडे पोलकी टाकायला आली. संध्याकाळी तुम्ही मधल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, “बाही मनगटापर्यंत मागती. पाठ मानेपर्यंत बंद. मे महिना हाय.” एवढंच बोलून परत मशीनवर बसलात. मला समजलं. मी प्रशांतला बोलावून समज दिली. त्याने मान खाली घातली, ‘मोठी आई’ म्हणत माझे पाय धरले, रडला. मला वाटलं, माझं काम झालं. लग्नाच्या चौदाव्या महिन्यात वैशाली माहेरी गेली ती परत आली नाही. मी मनाशी म्हटलं, सुटली बिचारी. आणि मीही सुटले, असं म्हटलं.

तुमच्या दहाव्याला वैशाली आली होती. सगळ्या बायकांच्या मागे, भिंतीला टेकून बसली होती. सुमनने तिला बघितलं आणि ती उठून आत गेली. मी वैशालीजवळ गेले. विचारलं, “तुला कसं कळलं गं?”

“आक्कांच्या फोनवरून कुणीतरी कळवलं. त्या मला दर दिवाळीला पोलकं पाठवायच्या.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मला इथून त्यांनीच नेलं ना. तुमाला ठाव न्हाय?”

मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही तिला मापाला बोलावून घेतलंत. सुमनला सांगितलंत, अर्ध्या तासात पाठवते. मागच्या गल्लीने स्टँडवर नेलंत, एस्टीत बसवलंत आणि स्वतःही बसलात. तुळजापूरला गाडी बदलून जळकोट. तिच्या वडिलांच्या दारात उभं राहून म्हणालात, “तुम्ही चौकशीला आला तवा मी बोलायला पायजे होतं. बोलले न्हाय. उशीर झाला, पर पोरगी जित्ती हाय. घरात घ्या.” आणि त्यांनी दिलेलं पाणीही न पिता परतीची गाडी धरलीत.

मी घरी येऊन जुन्या डायऱ्या काढल्या. तुम्ही माझ्या डायऱ्यांना हसायचात, पण मला तारीख सापडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: ‘आक्का अस्तर आणायला तुळजापूरला. सात वाजता परत. अस्तर मिळालं नाही म्हणाल्या. जेवल्या नाहीत. उशिराबद्दल बोलले.’

उशिराबद्दल बोलले. आक्का, मी त्या दिवशी तुम्हाला घड्याळ दाखवलं होतं.

आठ वर्षं तुम्ही हे मला सांगितलं नाहीत. एका ताटात भाजी घेऊन जेवलो आपण, एकमेकींच्या पाठीला तेल लावलं, तुमचा भाऊ गेला तेव्हा एकाच खोलीत महिनाभर झोपलो. आणि हे सांगितलं नाहीत. दहाव्याच्या दिवशी मला तुमचा इतका राग आला की रडू आलंच नाही. लोकांना वाटलं, मॅडम खंबीर आहेत. मी आतल्या आत तुमच्याशी भांडत होते. मला सांगितलं असतंत तर मी अडवलं असतं का?

हो. अडवलं असतं. म्हणूनच सांगितलं नाहीत.

तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या असतानाच माकणीचं स्थळ आलं होतं. सुमनने फोनवर प्रशांतचा बायोडाटा दाखवला. मी तुम्हाला वाचून दाखवला: उंची, शेती, बोअर, मामांचं गाव, आणि ‘प्रथम विवाह अल्पकालीन’. ‘स्वभाव: शांत’ असंही त्यात होतं. तुम्हाला नीट बोलवत नव्हतं, तरी म्हणालात, “ह्यात समदं हाय, माणूसच न्हाय.” मुलगी एकतीस वर्षांची, रेणुका, लोहाऱ्याला एका दवाखान्यात काम करते. मी म्हटलं, एकतीस म्हणजे तिच्या घरच्यांना काळजी असणारच. तुम्ही म्हणालात, “पोरीचं वय वाढतंय. पोराचा अनुभव वाढतोय.”

आणि मग माझं मनगट धरलंत. “चौकशीला आले तर मला उठवून बसव. पाठीला उशी लाव.”

मी म्हटलं, “बघू.”

पाहुणे यायच्या आत तुम्ही गेलात. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत कार्य उरकावं, म्हणून सुमनला उलट घाईच झाली. तुमच्या मरणाने त्या लग्नाला मुहूर्त दिला, हे तुम्हाला कळलं असतं तर आठवडाभर पुरेल इतकं हसला असतात.

गेल्या शुक्रवारी सकाळी सुमन दूध घेऊन आली. भांडं ठेवलं, पण गेली नाही.

“ताई, रविवारी माकणीचे पाहुणे येतेत. तुमच्याकडंच येणार. दोन शब्द चांगले बोला.”

“सुमन, मी—”

“तुमाला काय खोटं बोलायचंय? मागं बोलला तसंच बोला. शिकलाय, शेती हाय. एवढंच.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आक्का न्हाईत आता. तुमचं-माझं दोघींचंच घर राहिलंय. आज डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचंय ना तुमाला? प्रशांत गाडी काढून ठेवतोय.”

प्रशांतने मला धाराशिवला नेलं. जिना चढताना हात धरला. औषध घातल्यावर डोळ्यांना उजेड सहन होत नव्हता, तर स्वतःचा काळा चष्मा काढून मला दिला. तुमच्या तिरडीला पुढचा खांदा त्याचाच होता. मुलांनो, हे मी मुद्दाम लिहिते आहे. तो मला कधी वर आवाज करून बोललेला नाही. माझी मुलं सात समुद्रांपलीकडे आहेत. माझ्या घरची पाण्याची मोटर सुमनच्या घरातल्या बटणावर चालते. शुक्रवार ते रविवार मी हे सगळं पुन्हा पुन्हा मनात मांडलं, आणि प्रत्येक वेळी निष्कर्ष एकच निघाला की गप्प बसावं.

रविवारी अकरा वाजता ते आले. रेणुकाचे वडील आणि मामा. वडील धोतरातले, बारीक अंगाचे, खुर्चीच्या कडेवर टेकून बसले. मामाच बोलत होता. सुमन “ताईंना एकटीला होत न्हाय” म्हणून चहा करायला आली होती आणि कप मांडून रिकामा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. बाहेर अंगणात प्रशांत गाडी पुसत होता.

“आमाला माकणीत एकानं सांगितलं,” मामा म्हणाला, “दुसऱ्या कुणाला इचारू नका. मॅडमला इचारा. त्या खोटं बोलणार न्हाईत.”

“न्हाईच बोलत,” सुमन म्हणाली.

“पहिली कशामुळं गेली म्हणायची?”

“तिचं मन शहरात हो. खेड्यात करमत न्हवतं तिला,” सुमनने सांगितलं.

जळकोट कधीपासून शहर झालं, हे वाक्य तुमचं, आक्का. ते म्हणायला तिथे कोणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि ऐकलं, माझाच आवाज, शाळेतल्यासारखा स्पष्ट: “मुलगा शिकलेला आहे. शेती आहे…”

रेणुकाच्या वडिलांचे खांदे सैल पडले. इतका वेळ आखडून बसलेला माणूस खुर्चीत मागे टेकला आणि त्याने चहाच्या कपाकडे हात नेला. तो हात बघितला मी. वैशालीच्या वडिलांनीही असाच कप उचलला होता. त्यांना किती बरं वाटलं होतं तेव्हा.

“थांबा,” मी म्हटलं. “चहा नंतर घ्या. आधी माझं ऐका.”

“ताई,” सुमन म्हणाली.

“पहिल्या मुलीला तो मारत होता. लग्नाआधीही त्याचा हात उठत होता, ते मला माहीत होतं. तिचे वडील इथेच बसून मला विचारत होते आणि मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे.”

सुमन दारातून पुढे आली. “आक्का गेल्या, तर त्यांची गादी तुमी चालवाया घेतली व्हय?” ती म्हणाली. “एवढा पोरानं जिना चढवला परवा!”

“चढवला,” मी म्हटलं. “तेही सांगते. माझ्याशी तो पोटच्या मुलासारखा वागतो.”

मामाने घसा साफ केला. “आता सुधारला आसंल की. ठेच लागली की माणूस शहाणा व्हतो.”

“असेल. मी त्याच्याबरोबर राहिलेली नाही. जी राहिली ती जळकोटला आहे. तिला विचारून तिचा नंबर तुम्हाला कळवीन. तिला न विचारता देणार नाही.”

तोवर गप्प असलेले वडील पहिल्यांदा बोलले. “मॅडम, तुमाला नात हाय?”

“आहे.”

“दिली आसती?”

“नसती दिली.”

ते उठले. टोपी डोक्यावर ठेवली, मला नमस्कार केला. मामा चार कप चहाकडे बघत बघत निघाला. अंगणात प्रशांत हसून म्हणाला, “स्टँडवर सोडू का?” वडील म्हणाले, “नगं, चालत जातो.”

मला वाटलं होतं, आता सुमन ओरडेल. मी त्याची तयारी ठेवली होती. तुमच्यासारखं काहीतरी धारदार उत्तरही शोधून ठेवलं होतं. तिने ट्रे खाली ठेवला, दार ओढून घेतलं आणि जमिनीवर बसली.

“माझ्या कपाळावरचे टाके तुमाला दिसत्यात, ताई. मला दिसत न्हाईत व्हय? आरसा हाय माझ्या घरात.”

“मग दुसऱ्याची मुलगी कशाला आणतेस?”

तिने पदर सारखा केला. मग अगदी साध्या आवाजात, बाजारभाव सांगावा तसं, म्हणाली, “दुसरी आली की माझ्यावरचं कमी व्हतंय. वैशाली होती तवा झालतं कमी.”

आक्का, तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी वाईट गोष्टी बोलायचात. पण एवढी वाईट गोष्ट तुमच्याही तोंडून मी ऐकली नव्हती. सुनेची इतकी गरज असलेली सासू मी कुठल्याच गोष्टीत पाहिली नाही. ती खोटं बोलत होती ते मुलाच्या मायेपोटी, असं मी नऊ वर्षं धरून चालले होते. आणि तो अजून मारतो आहे, माझ्या भिंतीपलीकडे, हे मला माहीत नव्हतं. की दूध आणणाऱ्या हाताकडे मी कधी नीट बघितलंच नाही? तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही तिचीही मापं घेत होतात. उशी लावून बसव म्हणालात, ते रेणुकासाठी की सुमनसाठीही? हे आता मला कोण सांगणार?

मी तिला म्हटलं, “तू माझ्याकडे राहायला ये. आजच ये. त्याच्याशी मी बोलते, आणि या वेळी पाय धरू देणार नाही.”

“मी गेल्यावर त्याला जेवाया कोण घालणार?” ती म्हणाली आणि डोळे पुसून उठली. जाताना ट्रे घेऊन गेली, कप तसेच ठेवून.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दूध आता मी हॉटेलातून आणते. सोमवारी मोटर लागली नाही, मंगळवारी लागली. प्रशांत समोरून जाताना मान वळवतो. मी त्याला गेटपाशी थांबवून तोंडावर सांगितलं की तुझ्या आईच्या अंगाला पुन्हा हात लागला तर मी स्वतः पोलिसात जाईन, आणि वैशालीच्या वेळी न सांगितलेलंही सांगेन. त्याने विचारलं, “मोठी आई, तुमाला कुणी शिकवलं हे?” मी गेट लावून घेतलं. तुमचं नाव घेण्याचा मला अजून हक्क नाही.

वैशालीला मी फोन केला. ती म्हणाली, “द्या नंबर. बोलते मी.” काय बोलली ते विचारलं नाही. काल संध्याकाळी माकणीहून रेणुकाच्या वडिलांचा निरोप आला: मुलीने स्वतः नकार दिला. त्याच संध्याकाळी किराणा दुकानात मी शिरले तेव्हा बोलणारे दोघे गप्प झाले. मी साखर घेतली आणि आले.

ओवी, निषाद, तुमच्या बाबांना एक सांगा. सुमनआजींचा फोन आला की माझी बाजू घेऊ नका. आधी त्यांना विचारा, काकू, तुम्ही कशा आहात, आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका. उत्तर यायला वेळ लागेल. रोज विचारा. मीही रोज सकाळी त्यांच्या दाराशी जाऊन तेच विचारते. त्या आतून म्हणतात, “बरी हाय.” आज म्हणाल्या नाहीत, दार थोडं उघडलं आणि उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले. मग कुकरची शिट्टी झाली आणि त्या आत गेल्या.

आक्का, लग्नाने माणूस सुधारतो यावर माझा विश्वास आता राहिलेला नाही. तुमचं म्हणणं सगळंच बरोबर होतं हेही मी कबूल करणार नाही, कारण तुमचा भाऊ होता. हा वाद असाच अर्धा राहील. तुमच्याशी आणखी खूप बोलायचं आहे, आणि बरंचसं रागाचं आहे. आज एवढंच सांगते: माकणीची रेणुका तिच्या घरी, तिच्या कामावर आहे. आणि या घरात कोणी चौकशीला आलं, तर त्याला अजूनही खरं उत्तर मिळतं.